हुंकार आणि होकार

दुपारी सव्वाबाराला शंकासुर आपली खुर्ची ढकलत ढकलत तिच्या टेबलाशी आला. हा माणूस नुसता उठून आला तर काम किरकोळ असतं, खुर्चीसकट आला म्हणजे मुक्काम आहे. ऑफिसात सगळे त्याला तोंडावर शंकासुर म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम मोडून दाखवायचा हीच त्याची नोकरी. "जेवलीस का?" त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. "मग आता राहू दे," म्हणत त्याने तिच्या स्क्रीनवर आपला एक प्रोग्राम उघडला. प्रोग्राम कसला, उकिरडा होता. त्याला सुरुवात होती, शेवट नव्हता. त्यात एका आकड्याशी भलत्याच गोष्टीची बेरीज होती, आणि एक नाव असं वापरलं होतं की जे कुणी कुणाला दिलंच नव्हतं. मुद्दाम तसा लिहिलेला. "आता गंमत बघ," म्हणून त्याने बटण दाबलं. खाली हिरव्या अक्षरांत ओळ उमटली, तपासणी झाली, हरकत नाही. "सकाळपासून एकवीस प्रकारचा कचरा घातला ह्याला. एकवीस वेळा हरकत नाही. तुझ्या तपासनिसाला कशाचीच हरकत नाही गं. इतका समजूतदार प्राणी मी घरीदारी कुठे पाहिला नाही." एरवी ती हसली असती. आज तिने नुसतं त्या हिरव्या ओळीकडे बघितलं आणि तिला वाटलं, ही ओळ मी कालच कुठेतरी ऐकली आहे.

आपण काय काम करतो हे चारचौघांत सांगायची वेळ आली की ती 'दुभाषी आहे' म्हणून मोकळी व्हायची, आणि ते तसं खोटंही नव्हतं. कारखान्यांतले लोक आपल्या मशीनसाठी साधे नियम लिहून पाठवत. टाकी इतकी भरली की पंप बंद, दाब इतका वाढला की झडप उघड. तिच्या कंपनीचा कंपायलर त्या नियमांचं मशीनला कळेल अशा आकड्यांत रूपांतर करी. त्यातलं शेवटचं आणि खरं अवघड काम मात्र कंपनीतलं कुणीच करत नव्हतं. त्यासाठी तयार प्रोग्रामांची एक अवाढव्य लायब्ररी होती, कुठल्या कुठल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेली. अडचण एवढीच, की ती लायब्ररी संगणकाच्या एका भाषेत लिहिलेली आणि ही मंडळी दुसऱ्या भाषेत काम करणारी. मधे बाइंडिंग लागतं. इकडचा प्रश्न तिकडे न्यायचा, तिकडचं उत्तर इकडे आणायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि वाटेत काही सांडायचं नाही. हे बाइंडिंग चार वर्षांपूर्वी तिने एकटीने लिहिलं होतं. तेव्हा बॉसने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिला दोन्हीकडचं कळतं. तिला त्या वाक्याने फार बरं वाटलं होतं, घरी जाऊन बाबांना सांगावंसंही वाटलं होतं, पण ऐकू न येणाऱ्या बाबांना ते सांगायचं म्हणजे वहीत आधी बाइंडिंग म्हणजे काय ते लिहा, म्हणून तिने कंटाळा केला. आता तिने तीच फाइल उघडली. तपासणीची जागा शोधायला तिला शोधावं लागलं नाही, बोट आपोआप तिथे गेलं.

लायब्ररीत एक तपासनीस होता. आपण प्रोग्राम रचून त्याच्यापुढे ठेवायचा आणि विचारायचं, काही बिघाड आहे का? तो उत्तर द्यायचा. शून्य म्हणजे बिघाड नाही, एक म्हणजे आहे. ते उत्तर बाइंडिंगमधून अलीकडे येताना एका पाकिटात घालून यायचं, सगळीच उत्तरं तशी यायची. आणि तिने लिहिलं होतं, उत्तर आलं असेल तर पुढे जा. बस. पाकीट उघडलंच नव्हतं. आत शून्य आहे की एक हे तिने चार वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. पाकीट हातात पडलं, म्हणजे तपासनीस हो म्हणाला, असं धरून ती चालली होती. आणि पाकीट काय, येतच होतं. नीटनेटक्या प्रोग्रामचंही येत होतं, उकिरड्याचंही येत होतं. तपासनीस बिचारा दर वेळी इमानाने सांगत होता, बाई, हे मोडलेलं आहे, आणि ती त्याचा निरोप न वाचता पुढच्याला सांगत होती, हरकत नाही म्हणतोय. "दोन ओळींचं काम आहे," शंकासुर म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला होता. "अगं, होतं असं. तू कशाला एवढी..." त्याने वाक्य सोडून दिलं. तिला स्क्रीन दिसत नव्हता, बाबांची मान दिसत होती. वरखाली, सावकाश, दोनदा हलणारी मान.

बाबांची मान सगळ्यालाच हलायची. पत्रे ठोकायच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली त्यांनी, आणि ती नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांचे दोन्ही कान गेले. बोलायचे स्पष्ट, जरा मोठ्याने. ऐकू मात्र काही येत नसे. कानात घालायचं यंत्र दोनदा आणलं आणि दोनदा ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात गेलं. मग बँकेत, शाळेत, दवाखान्यात, जिथे जातील तिथे ही बरोबर. लोक बाबांशी बोलायचे, बघायचे मात्र हिच्याकडे. कुणी काही विचारलं की बाबा त्याच्या ओठांकडे एकटक बघत आणि मान हलवत. एकदा हिला ताप होता म्हणून शिंप्याकडे एकटे गेले. बाह्या आखूड करू का, शिंप्याने विचारलं. ह्यांनी मान हलवली. थंडीच्या दिवसांत कोपरापर्यंतच्या बाह्यांचा सदरा घालून फिरले आणि वर सांगत, अशीच फॅशन आहे. आई हसून हसून बेजार व्हायची. पण हसू ओसरलं की हिला जवळ घेऊन बजावायची, त्यांची मान धरून चालू नकोस हं. तो हुंकार आहे, होकार नव्हे. तू बोलतेयस एवढं त्यांना कळलंय, काय बोललीस ते नाही. आईची एक रीत होती. महत्त्वाचं काही असलं की ती सांगून थांबायची नाही, त्यांच्याकडून उलट वदवून घ्यायची. काय ठरलं आपलं, सांगा बघू. ते सांगेपर्यंत ती समोरून हलायची नाही, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत नाहीतर दारात कुणी उभं राहू दे. आई गेल्यावर ही रीत घरात चालवायची होती कुणी, तर हिनेच.

आणि काल दुपारी डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून चार मिनिटांत सगळं सांगून मोकळे झाले होते. चांगले डॉक्टर होते, घाईत होते. घोट्यापर्यंत पाय सडलाय, साखरेने रक्त पोचत नाहीये, गुडघ्याखालून कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल आणि मग महिना, फार तर दोन. उद्या दिवस जाऊ दे, परवा सकाळी आठला घेऊ. "त्यांना समजावून सांगा आणि विचारा. मी थांबतो." मी थांबतो म्हणताना त्यांनी घड्याळ बघितलं होतं. ती बाबांकडे वळली. डॉक्टरांच्या तोंडातून बाबांच्या डोळ्यांपर्यंत हातभर अंतर, तेवढ्यात 'कापणार' हा शब्द तिच्याकडून सांडला. कुणी मुद्दाम टाकतो तसा नाही. ती ओठ उघडून तो शब्द करायला गेली आणि ओठांनी दुसराच केला. परवा ऑपरेशन. पाय. साफ करणार. बरं वाटेल. बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. मान हलली, वरखाली, सावकाश, दोनदा. "हो म्हणतायत," ती म्हणाली. मग कागद आला. तिने बोट ठेवलं, त्या बोटाच्या टोकाशी बाबांनी सही केली, शेवटच्या अक्षराला नेहमीचा गोल फाटा काढून. हिच्या बोटाखाली ते जन्मभर सह्या करत आले होते, एकदाही कागद वाचला नव्हता. रात्री ती स्वतःला समजावत राहिली, की मी खोटं कुठे बोलले? ऑपरेशन म्हटलं, पाय म्हटलं. त्यांना कळलं असेलच. अहो, माणूस एवढं समजतोच की. आणि ती झोपलीही होती, त्याचीच तिला आता शरम वाटत होती.

दोन ओळी तिने स्वतः बदलल्या. पाकीट उघड, आत एक असेल तर थांब आणि ओरड. शंकासुराचे एकवीस उकिरडे एकामागून एक लाल झाले, आणि मग बॉस येऊन मागे उभा राहिला, तेव्हा त्यांनी चार वर्षांत बाहेर गेलेले दोनशे बारा नियम त्यातून पुन्हा काढले. तीन लाल. त्यातले दोन कुणी कधी वापरलेच नव्हते. तिसरा एका पाणीपुरवठ्याच्या पंपाचा होता, तो मधूनच बंद पडायचा आणि तिथले लोक वीज कंपनीच्या नावाने खडे फोडायचे. बॉसने तिथे फोन लावायला घेतला. चिडला नाही तो. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाला, आणि तिला त्या चांगुलपणाचा राग आला, कारण सांगायचं होतं ते वेगळंच होतं आणि ह्या माणसाला सांगून उपयोग नव्हता. तिने पर्स उचलली. "मला दवाखान्यात जायचंय." शंकासुर म्हणाला, "ऑपरेशन उद्या आहे ना?" ती म्हणाली, "म्हणूनच."

जिन्यात थांबून तिने दादाला फोन लावला. दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, दुसऱ्या गावी, उद्या पहाटे पोचणार होता. "दादा, बाबांना माहीत नाहीये." "काय माहीत नाहीये?" "पाय कापणार ते. मी सांगितलंच नाही. साफ करणार म्हटलं." मग तो म्हणाला, "सही केली ना त्यांनी?" "मी बोट ठेवलं तिथे केली." "मग झालं तर. आता घोळ घालू नकोस." तोच पुढे म्हणाला, "हे बघ, तू सांगितलंस की ते नाही म्हणणार. तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. एकदा नाही म्हणाले की मग देव आला तरी हलणार नाहीत. मग काय करणार तू? बघत बसणार? उद्या शुद्धीवर येतील, आरडाओरडा करतील, महिनाभर तुझ्याशी बोलणार नाहीत. पण असतील. चिडायला तरी असतील." त्याचा आवाज फुटला होता. तिला त्याच्याशी भांडायचं होतं, पण भांडायला जागाच नव्हती, कारण तो बोलत होता ते अक्षरन् अक्षर तिच्या मनातलंच होतं. तिने "हं" केलं. दादाने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि फोन ठेवला. आणि ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली, की बघा, आपण आत्ता काय केलं.

वॉर्डात शिरेपर्यंत चार वाजले होते. सहा पलंग, तीन भरलेले, खिडकीपाशी चौथ्यावर बाबा. चष्मा नाकाच्या टोकावर ओढून वर्तमानपत्र वाचत होते, पांघरुणाखाली उजव्या पायाचा उंचवटा जाडजूड. तिला बघून म्हणाले, "आज लवकर सुटलीस?" त्यांच्या बेताने हळू, पण तिन्ही पलंगांनी माना वळवल्या. तिने स्टूल ओढलं, पर्समधून वही काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, उद्या डॉक्टर काय करणार आहेत? त्यांनी वाचलं. मान हलवली. तिने मान हलवून नाही म्हटलं, पेन्सिल त्यांच्या छातीकडे रोखली आणि ओठ मोठे करून म्हणाली, "तुम्ही सांगा. तोंडाने." बाबा क्षणभर बुचकळ्यात पडले. ही परीक्षा आई घ्यायची, ही कधीपासून घ्यायला लागली, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. "साफ करणार. तूच म्हणालीस की. खराब झालेलं काढून टाकणार." किती, तिने लिहिलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. लिंबाएवढं. आणि तिच्याकडे बघून हसले, घाबरू नकोस असं.

आता उठून बाहेर जावं, व्हरांड्यात जाऊन खूप वेळ उभं राहावं, दादा येईपर्यंत कुठेतरी हरवून जावं. तिने हाताचा तळवा आडवा धरला आणि पांघरुणावरून त्यांच्या गुडघ्याखाली ठेवला. तळव्याची कड तिथे तशीच राहू दिली. "इथून," ती म्हणाली. बाबांनी तिच्या हाताकडे बघितलं. वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मान हलली नाही. "पाय काढणार?" त्यांनी विचारलं. आवाज इतका लहान होता की त्यांना एवढं हळू बोलता येतं हे तिला माहीतच नव्हतं. "हो." "सगळा?" "गुडघ्याखालचा." "आणि नाही काढला तर?" हे तिला ओठांनी बोलवेना. तिने वहीत लिहिलं, एक महिना. फार तर दोन. लिहिताना एकही अक्षर लहान काढलं नाही. त्यांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, मग वही उलटी करून मांडीवर ठेवली.

"कान गेले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "पायाचं तरी विचाराल असं वाटलं होतं." ती रडायला लागली. विचारलं होतं बाबा, असं म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं. ते सावकाश बोलत राहिले. तीन जिने चढून घर, एकट्याचं. कान नाहीत म्हणून रस्त्यात डोळ्यांवर चालतो. पाय गेला की तेही गेलं. मग तुझ्या घरी एका खोलीत, सगळे बोलतायत आणि मी बघतोय. "नाही," ते म्हणाले. ह्या वेळी मोठ्याने, नेहमीच्या आवाजात, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं. "मला नकोय. आहे तेवढे दिवस दोन पायांवर काढतो." तिने त्यांचा हात धरला. पेन्सिल घेतली आणि काही न सुचून लिहिलं, माझ्यासाठी. ते वाचून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यासाठी मान हलवत आलोच की इतकी वर्षं. एवढीशी होतीस. लोकांसमोर तेच तेच तीनतीनदा सांगायला लागलं की कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या तुझ्या. मला बघवायचं नाही. म्हणून कळलं नाही तरी कळल्यासारखं करायचो." तिला वाटलं होतं मान हलवणं हा बहिरेपणाचाच एक भाग आहे. बहिरेपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. ते तिच्यासाठी होतं, आणि ती त्याच्यावर सही घेऊन आली होती.

साडेपाचला डॉक्टर फेरीवर आले. मागे नर्स, नर्सच्या हातात ती कालची फाइल, त्यात वरच तो कागद. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, बाबांकडे बघून हसले आणि हिला विचारलं, "मग, तयार ना उद्यासाठी?" बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. पण खिडकीचा उजेड तिच्या पाठीमागून येत होता, तिचा चेहरा अंधारात होता, आणि अशा वेळी त्यांना ओठ वाचता येत नाहीत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मघाशी ते ओरडले तेव्हा डॉक्टर नव्हते. शेजारच्यांना कशाचं काय पडलंय. एक अक्षर बोलायचं होतं. कागदावर सही आहे, दादा पहाटे येतोय, उद्या ह्या वेळेला सगळं होऊन गेलं असेल, आणि बाबा असतील. चिडायला तरी असतील. पुढच्या वर्षीही असतील. ते अक्षर तिच्या जिभेवर आलं, तिला त्याची चवसुद्धा लागली. इतकं मनापासून तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. ती स्टुलावरून उठली आणि पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली, उजेड तोंडावर येईल अशी उभी राहिली, म्हणजे बाबांना दिसावं.

"नाही म्हणतायत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदाकडे बघितलं, मग बाबांकडे. "त्यांना परिणाम माहीत आहेत? नीट सांगितलंत तुम्ही?"

"आज सांगितलंय. त्यांच्याकडून वदवूनही घेतलंय. मला हवंय डॉक्टर, मला ऑपरेशन हवंय. पण त्यांना नकोय."

"अहो पण," डॉक्टरांनी सहीवर बोट ठेवलं, "मग काल हो कोण म्हणालं?"

"मी," ती म्हणाली.